ऐकण्याची खोली आणि आपला वर्ग



श्रवण, भाषण, वाचन, लेखन. भाषेची ही चार कौशल्यं आपण डी.एड.ला असताना पाठ केली. त्यात श्रवण पहिलं. पण वाचनासाठी वर्गात वाचन कोपरा असतो, लेखनासाठी फळा, पाटी, वही असते. ऐकण्यासाठी काय असतं? बहुतेक वेळा एकच वाक्य असतं, "नीट ऐका रे!" ज्या खोलीत आपण मुलांना ऐकायला बसवलं आहे ती खोली ऐकण्याजोगी आहे का, हे आपण कधी तपासत नाही.

हा प्रश्न फार मनावर घेणारी एक मंडळी आहे. हाय-फायचे शौकीन! मुंबई-पुण्यात आणि इतर शहरांतही असे लोक आहेत, जे घरातली एक खोली फक्त गाणं ऐकण्यासाठी राखून ठेवतात आणि तिच्यावर काही लाख रुपये घालतात. हसनाबादसारख्या गावातल्या शिक्षकाने याचा विचार का करावा, असं तुम्ही म्हणाल. त्यांचं महागडं सामान आपल्याला घ्यायचं नाही, परवडणारही नाही. पण त्यामागचं विज्ञान फुकट आहे आणि ते आपल्या वर्गाला जसंच्या तसं लागू पडतं.

हाय-फाय म्हणजे काय?

हा शब्द 'हाय फिडेलिटी'चं लघुरूप आहे. फिडेलिटी म्हणजे प्रामाणिकपणा. मूळ आवाज जसा होता तसाच, भर न घालता आणि काही न गाळता, ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचवणं.

भारतात याची सुरुवात कुठून झाली ते मुलांना जरूर सांगा. नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात फ्रेड गायसबर्ग यांनी गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गावं लागे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटंच मावत. १९२५ पासून विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं, १९४८ मध्ये जास्त वेळ चालणारी एल.पी. तबकडी आली, १९५८ च्या सुमारास स्टिरिओ तबकड्या आल्या आणि १९८२ मध्ये सी.डी. आली. मिरजेचे अब्दुल करीम खाँ किंवा बालगंधर्व यांचा आवाज आज आपल्याला ऐकायला मिळतो तो त्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांमुळे.

त्या खोलीत गेलात तर काय जाणवेल?

पहिली जाणवते ती शांतता. रस्त्यावरची गाडी, पंख्याची घरघर, शेजारचा टी.व्ही. काहीच नाही. गाणं सुरू होण्याआधीच कान मोकळा होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे बसण्याची जागा. दोन स्पीकर आणि ऐकणारा असा समभुज त्रिकोण केलेला असतो. डोळे मिटले की गायकाचा आवाज दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधून येतो, जिथे स्पीकरच नाही! तबला थोडा एका बाजूला, तानपुरा मागे. याचं कारण आपले दोन कान. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी पोहोचतो, डाव्या कानाला सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरकाने नंतर पोहोचतो. एवढ्या फरकावरून मेंदू दिशा ओळखतो. याच तत्त्वावर ॲलन ब्लमलीन या इंग्रज अभियंत्याने १९३१ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला होता.

तिसरी गोष्ट, डग्गा. डग्ग्याचा खर्ज साधारण १०० हर्ट्झच्या आसपासचा. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून तो जवळपास येतच नाही. आपण 'तबला ऐकला' म्हणतो, पण ऐकलेला असतो फक्त वरचा टणत्कार. मनुष्याचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो, लहान मुलाचा तर आपल्यापेक्षा चांगला. त्या कानाला आपण दिवसभर मोबाइलचा स्पीकर ऐकवतो.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. तिथल्या भिंतींवर जाड पडदे, पुस्तकांची कपाटं, खाली गालिचा, काही ठिकाणी मऊ फळ्या असतात. शौकीन लोक म्हणतात, चांगला स्पीकर वाईट खोलीत ठेवला तर तो वाईटच वाजतो. कारण आपण फक्त स्पीकर ऐकत नसतो, खोलीही ऐकत असतो.

हे विज्ञान जन्मलं एका वर्गात

१८९५ मधली गोष्ट. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात एक नवं व्याख्यानगृह बांधलं होतं. दिसायला देखणं, पण प्राध्यापक बोलले की मुलांना काही कळेना! एक शब्द संपून विरायला साडेपाच सेकंदांच्या आसपास लागत. तेवढ्यात पुढचे कितीतरी शब्द येऊन त्यावर आदळत. हे दुरुस्त करायचं काम वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाकडे आलं. त्याने रात्रीच्या शांततेत जवळच्या नाट्यगृहातल्या गाद्या उचलून आणायच्या, ऑर्गनची एक नळी वाजवायची, ती थांबल्यावर आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं. गाद्या वाढवल्या की वेळ कमी व्हायचा. यातून त्याने सूत्र काढलं:

निनादाचा वेळ = ०.१६१ × खोलीचं घनफळ ÷ खोलीचं एकूण शोषण

शोषण मोजायला त्याने एकक घेतलं ते उघड्या खिडकीचं! उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून १ चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे १ एकक शोषण. पुढे १९०० मध्ये उघडलेलं बोस्टनचं सिंफनी हॉल त्याच्याच सल्ल्याने बांधलं गेलं. जगभरातली संगीतगृहं आणि हाय-फायच्या खोल्या आजही याच हिशेबावर उभ्या आहेत. म्हणजे मुळात हे शास्त्र 'मागच्या बाकावर ऐकू येत नाही' या तक्रारीतून आलं आहे.

आता आपला वर्ग मोजू

समजा वर्ग ६ मीटर लांब, ६ मीटर रुंद, ३ मीटर उंच आहे. घनफळ १०८ घनमीटर. ०.१६१ × १०८ म्हणजे सुमारे १७.४. भिंती, छत, फरशी मिळून १४४ चौरस मीटर. सिमेंटचा गिलावा आणि फरशी यांचं शोषण फार कमी, अंदाजे शेकडा ३. (खालचे आकडे ढोबळ आहेत, पण चित्र स्पष्ट होतं.)

• रिकामा वर्ग, दारं-खिडक्या बंद : शोषण ४.३ एकक, निनाद ४ सेकंद.
• दार आणि दोन खिडक्या उघड्या : शोषण ८.६ एकक, निनाद २ सेकंद.
• त्यात ३० मुलं बसली : शोषण १७.६ एकक, निनाद १ सेकंद.
• भिंतींवर १० चौरस मीटर गोधड्या टांगल्या : शोषण २२.६ एकक, निनाद पाऊण सेकंदाच्या थोडा वर.

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत वर्गासाठी निनाद सुमारे ०.६ सेकंद आणि मागचा गोंगाट ३५ डेसिबलपर्यंत असावा असं म्हटलं आहे. म्हणजे चार गोधड्यांनी आपण त्या आकड्याच्या बरेच जवळ जातो! पाचवीच्या पुढच्या मुलांकडून हे गणित जरूर करून घ्या. घनफळ, क्षेत्रफळ, दशांश अपूर्णांकांचा भागाकार, सगळं एका खऱ्या प्रश्नात येतं.

श्रुतलेखनातल्या चुका कोणाच्या?

पळ–फळ, दार–धार, पाट–पाठ, तर–थर, गाल–घाल. या जोड्या आपण श्रुतलेखनाला देतो. दोन शब्दांत फरक आहे तो फक्त एका श्वासाएवढा. स्वर दमदार असतात, ते खोलीत घुमत राहतात. व्यंजनं, विशेषतः 'स', 'श' आणि महाप्राणातला तो श्वास, नाजूक असतात. आधीच्या शब्दाचा घुमणारा स्वर पुढच्या शब्दाच्या व्यंजनावर पांघरूण घालतो. त्यात अंतर दुप्पट झालं की तोंडातून थेट येणाऱ्या आवाजाची तीव्रता एक चतुर्थांश उरते. पुढच्या रांगेतल्या मुलाला 'धार' ऐकू येते, मागच्याला '–ार'.

आपण मोठी माणसं उरलेला भाग अंदाजाने भरून काढतो, कारण शब्द आपल्याला आधीच माहीत असतो. पहिली-दुसरीच्या मुलाला तो माहीत नसतो, ते शब्द शिकायलाच तर आलेलं असतं. घरी उर्दू किंवा गोरमाटी बोलणाऱ्या मुलाचं तर विचारूच नका. मग ते शेजाऱ्याच्या वहीत डोकावतं आणि आपण शेरा मारतो, 'लक्ष देत नाही.' एकदा हा शेरा चिकटला की तो वर्षानुवर्षं निघत नाही. म्हणून शेरा लिहिण्याआधी खोली तपासायची.

वर्गात करायच्या कृती

१. टाळी परीक्षा : रिकाम्या वर्गात एक जोरदार टाळी वाजवा. मग मुलं बसल्यावर तशीच टाळी वाजवा. मग झाडाखाली, मोकळ्या मैदानात. मुलांनी तिन्हींचं वर्णन स्वतःच्या शब्दांत करावं. ठणठणीत, घुमलेली, कोरडी... त्यांचे शब्द फळ्यावर लिहा.

२. डोळे मिटून दिशा ओळखा : एक मूल मधोमध, डोळ्यांवर रुमाल. बाकीच्यांपैकी कोणीतरी वाटीवर चमचा वाजवायचा. मुलाने बोट दाखवायचं. नंतर एक कान हाताने झाकून तोच खेळ. दोन कान कशासाठी, हे सांगावं लागत नाही.

३. आरशाची युक्ती : ही हाय-फायवाल्यांचीच. एक मूल बाकावर बसतं, स्पीकर समोर टेबलावर. दुसरं मूल बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत नेतं. बसलेल्या मुलाला आरशात स्पीकर दिसला की तिथे खडूने खूण करा. आवाज त्याच जागी आदळून कानाकडे वळतो. आपाती कोन आणि परावर्तन कोन समान असतात, हा प्रकाशाचा नियम ध्वनीलाही लागू!

४. अर्थ बदलणाऱ्या जोड्या : वरच्या जोड्यांतला एकेक शब्द मुलांकडे पाठ करून म्हणा, म्हणजे ओठ दिसणार नाहीत. मागच्या आणि पुढच्या रांगेचे गुण वेगळे मोजा. मग रांगा बदला. गुण जागेबरोबर बदलले तर दोष जागेचा. जागा बदलूनही एखाद्याच मुलाचे गुण कमी राहिले तर तिकडे नीट लक्ष द्या.

५. सहलीतला पाठ : वेरूळला गेलात की १० क्रमांकाच्या लेण्यात थांबा. विश्वकर्मा किंवा सुतार लेणं म्हणतात ते हे चैत्यगृह. कमानदार उंच छत, सगळीकडे दगड. मुलांना शांत उभं करून एकाला हळू आवाजात एकच सूर लावायला सांगा. सूर थांबतो, आवाज मागे रेंगाळतो. मग त्यालाच भरभर बातम्या वाचायला सांगा. काही कळणार नाही! संथ पठणाला जी खोली सुंदर, ती बोलण्याला वाईट. प्रत्येक खोली सगळ्या कामांची नसते.

बिनखर्चाचे बदल

• जुन्या गोधड्या, सतरंज्या मागच्या भिंतीला आणि बाजूच्या भिंतींच्या वरच्या भागात टांगा. भिंतीपासून हातभर नाही तरी चार बोटं अंतर ठेवा, शोषण वाढतं. महिन्या-दोन महिन्याने धुवा.
• छत मऊ करायला जाऊ नका. छतावरून लगेच परतणारा आवाज मागच्या मुलाला मदतच करतो. आणि खोली अगदीच कोरडी केली तर शिक्षकाचाच घसा बसतो.
• पत्र्याच्या खोलीत पाऊस सुरू झाला की श्रुतलेखन, कथाकथन थांबवा. त्या वेळी चित्रं काढा, लेखी काम घ्या.
• स्पीकर कोपऱ्यात जमिनीवर ठेवू नका. मुलांच्या कानाच्या उंचीवर, भिंतीपासून थोडा पुढे ठेवा. आवाज वाढवण्याआधी जागा बदलून पाहा.
• २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शाळेभोवती किमान १०० मीटरचं क्षेत्र शांतता क्षेत्र धरता येतं. लग्नसराईत, सप्ताहात भोंग्याचं तोंड शाळेकडे नको, हे शाळा व्यवस्थापन समितीने गोडीत बोलून ठरवता येतं.

पालकांसाठी दोन शब्द

मूल टी.व्ही.चा आवाज सारखा वाढवत असेल, मागून हाक मारली तर वळत नसेल, कान वाहत असेल, तर 'हट्टी आहे' म्हणू नका. कानात तेल घालू नका. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा-अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी होते, त्यात श्रवणदोषही येतो. पथक शाळेत आलं की तुमची शंका शिक्षकांना आधी सांगून ठेवा. पथक येईपर्यंत थांबायचं नसेल तर ग्रामीण रुग्णालयात दाखवा.

आणि घरी रोज दहा मिनिटं 'ऐकण्याची खोली' करा. टी.व्ही. बंद, मोबाइल लांब, खाली गोधडी. आजीने गोष्ट सांगावी किंवा एखादं गाणं सगळ्यांनी न बोलता पूर्ण ऐकावं. लाखांची खोली मुलाला जे देते त्यातला मोठा भाग यातच मिळतो: शांतता, बसण्याची ठरलेली जागा आणि पूर्ण लक्ष देणारं सोबतचं माणूस.

येत्या आठवड्यात चौथी कृती करून पाहा. मागच्या आणि पुढच्या रांगेचे गुण एका कागदावर लिहून ठेवा. गोधड्या टांगल्यावर पुन्हा घ्या. दोन्ही कागद शेजारी ठेवले की पुढच्या पालकसभेत बोलायला विषय शोधावा लागणार नाही.