आजा, आजी आणि आजोळ

हिंदी कथेचा मराठी अनुवाद करणाऱ्याच्या हाताशी ‘दादी’ आणि ‘नानी’ या दोघींसाठी ‘आजी’ हा एकच शब्द असतो. मराठीतून हिंदीत जाताना अडचण अधिक बिकट होते. मूळ लेखकाने जे सांगितलेलेच नसते, ते अनुवादकाला ठरवावे लागते. ही केवळ शब्दसंग्रहातील उणीव नव्हे. आईबापांच्या पिढीत काका-मामा, आत्या-मावशी हे भेद मराठीने कटाक्षाने जपले आहेत. एक पिढी वर जाताच ते मावळतात. खालीही तोच प्रकार : हिंदीत मुलाचा मुलगा ‘पोता’, मुलीचा ‘नाती’ किंवा ‘नवासा’, मराठीत दोघेही नातूच.

‘आजा’ हा संस्कृत ‘आर्यक’, प्राकृत ‘अज्जअ’ यांचा वारस होय. हाच शब्द अवधी-भोजपुरीतही नांदतो. पण तेथे तो बापाच्या बापापुरताच, आईच्या बापासाठी ‘नाना’ आहेच. इ. स. 1845 पासून त्रिनिदादला गेलेल्या मजुरांनी हा भेद समुद्रापलीकडेही नेला. तेव्हा मराठीतील अभेद शब्दाच्या कुळातून आलेला नाही. कन्नडातील अज्ज-अज्जी, तमिळमधील तात्ता-पाट्टी दोन्ही बाजूंना चालतात. या बाबतीत मराठीची जवळीक दक्षिणेशी दिसते.

इरावती कर्वे यांनी ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ (1953) या ग्रंथात महाराष्ट्राचा समावेश मध्य विभागात केला आहे. मामेबहिणीशी विवाह झाला की मुलाचा आईकडील आजा हा बापाचा मामाच ठरतो. दोन्ही घरे आधीच एकमेकांची असतात. सासऱ्यास ‘मामंजी’ व सासूस ‘आत्याबाई’ म्हणण्याची सुनांची जुनी रीत याच चालीची खूण मानावी लागते. मात्र एवढ्याने उलगडा पुरा होत नाही. असा विवाह ज्या ज्ञातींत निषिद्ध, त्यांच्यातही आजा एकच. बंगालीत तर ‘ठाकुरदा’ व ‘दादामशाय’ निराळे असूनही ‘नाति’ दोन्हीकडचा.

आजा दोन्हीकडचा, आजोळ मात्र आईकडचेच, हे याहून लक्षणीय आहे. मूल बापाच्या घरी वाढे, म्हणून त्या घराला निराळे नाव लागले नाही. सुटीत जेथे जायचे त्याला लागले.

घरातील हाकांची तऱ्हा आणखी वेगळी. आबा, अण्णा, तात्या, नाना ही नातेवाचक नामे नव्हेत, आदराची संबोधने आहेत. बाप आपल्या बापाला जी हाक मारतो, तीच पुष्कळदा नातवाच्या तोंडी बसते. त्यामुळे बापाच्या बापाला ‘नाना’ म्हणणारी मराठी घरे आढळतात. अनुवादात ते ‘नाना’ तसेच ठेवले, तर हिंदी वाचक त्या म्हाताऱ्याला आईच्या माहेरी नेऊन बसवतो.