रोमन कॅल्क्युलेटर : सी मध्ये, कमांड लाइनवर
मी वापरलेली पद्धत सोपी आहे. डावीकडून एकेक अक्षर घ्या. पुढचं अक्षर जास्त किमतीचं असेल तर वजा, नाहीतर अधिक. एक्स-आय-व्ही म्हणजे १० – १ + ५ = १४. हिशोब साध्या इंटिजरमध्ये करा. उत्तरासाठी १०००, ९००, ५००, ४०० पासून १ पर्यंत १३ किमतींचं टेबल ठेवा आणि मोठ्यापासून वजा करत या.

खरी गोची पुढे! चार वेळा आय लिहिलं तरी प्रोग्रॅम मुकाट्याने ४ वाचतो. म्हणून वाचलेला आकडा परत रोमन करून इनपुटशी ताडून बघा. जुळलं नाही तर एरर. शून्य, निगेटिव्ह आणि ३९९९ च्या पुढचं उत्तरही एररच.

लिनक्सवर गुणाकाराचं * अवतरणात द्या, नाहीतर शेल तिथे फायलींची नावं भरतं. आणि एक्स चालणार नाही, तो दहा आहे!