टाकी दोन फुटांची, पाहुणा साठ वर्षांचा

अगं, फोटो पाहिला. कोळत्तूरच्या बाजारातला तो ॲनिमोन देखणा आहे खरा, आणि तुझं मन त्याच्यावर बसलंय हे मेसेज वाचतानाच कळलं. टाकी नीट चालली आहे, मासे टुणटुणीत आहेत. आता एक समुद्रफूल यावं आणि क्लाउनफिशची जोडी रात्री त्याच्या कुशीत शिरून झोपावी, एवढीच तुझी इच्छा. तुला नाही म्हणायला मी लिहीत नाहीये. पण पैसे मोजण्याआधी अक्काचं जरा ऐकून घे. दुकानात बोलणं होतं ते आज दिसतो त्या आकाराचं. मला बोलायचंय ते तो वाढल्यानंतरचं.

बबल टिप नावाने जो विकतात तो दुकानात लिंबाएवढा दिसतो. प्रवासात अंगातलं पाणी टाकून आकसलेला असतो म्हणून. घरी रुळला, उजेड आणि खाणं पोटभर मिळालं की वर्षा-दोन वर्षांत त्याची चकती फूटभर होऊ शकते. तुझी टाकी लांबीला दोन फूट, रुंदीला एक, उंचीला एक. काठोकाठ भरली तर 56 लिटर. दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली की पंचेचाळीसच्या आसपास उरतं. म्हणजे फूटभर रुंदीच्या काचेत फूटभर व्यासाचा प्राणी. त्याच्या प्रत्येक बोटावर डंख मारणाऱ्या सूक्ष्म पेशी असतात, त्यामुळे शेजारी जे काही बसवलं असशील त्याला तो भाजून काढणार. आणि हा घरात ठेवायला त्यातल्या त्यात सोपा प्रकार. कार्पेट ॲनिमोनच्या वाटेला तर जाऊच नकोस. हॅडनचा कार्पेट आपल्याच पाल्कच्या उपसागरात, वाळूत पाय रोवून पसरलेला असतो; वाढला की अडीच फुटांपर्यंत जातो, आणि अंगावर चुकून आलेला मासा गिळून टाकतो. दुकानात त्याचं पिल्लू वाटीएवढं दिसतं, आणि माणसं फसतात ती तिथेच.

बबल टिपचं आणखी एक आहे. तो मधोमध ताणला जातो, फाटतो आणि एकाचे दोन होतात. दोघंही जगतात, दोघंही वाढतात, पुढे त्यांचेही दोन होतात. मोठ्या टाकीत हे कौतुकाचं. दोन फुटांत दुसऱ्या विभागणीनंतर तुझ्याकडे चार ॲनिमोन आणि जागा मात्र एकाची, अशी गत होते. कमी खायला घातलं की वाढ मंदावते हे खरं. उपाशी ठेवला तर तो स्वतःचं शरीर झिजवून लहानही होतो. पण उपासमारीने लहान राहिलेल्या जिवाला सांभाळलेला म्हणत नाहीत, गं. आठवड्यातून एकदा-दोनदा कोळंबीचा नखाएवढा तुकडा त्याला पुरतो. वाढ आवरायची तर ती त्याच्या पोटावर पाय देऊन नव्हे, जादा झालेला भाऊ कोणाच्या टाकीत जाणार हे आधीच ठरवून.

आणि किती वर्षं? एडिंबरोची एक गोष्ट मला फार आवडते. सर जॉन डॅलियेल नावाच्या निसर्गअभ्यासकाने 1828 मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून एक छोटा लाल ॲनिमोन उचलून घरी आणला. त्या वर्षी आपल्या तंजावरात सरफोजी महाराज हयात होते, बघ. त्या ॲनिमोनचं नाव पुढे ग्रॅनी पडलं. डॅलियेल 1851 मध्ये वारले. ग्रॅनी एका अभ्यासकाकडून दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे गेली, आणि 1887 मध्ये मेली. माणसांच्या हातात तिने 59 वर्षं काढली, शेकडो पिल्लं दिली, आणि राहिली ती सगळा वेळ एका काचेच्या बरणीत.

आता तू म्हणशील, तिला बरणी पुरली, मग माझी टाकी का नाही पुरत? कारण त्या बरणीत समुद्राचं ताजं पाणी पुन्हापुन्हा भरलं जायचं. शिवाय ती भरती-ओहोटीच्या खडकांवर राहणारी, थंड पाण्यातली, जेमतेम दोन बोटं रुंदीची जात. तिला उजेडाची गरज नव्हती. तुझा बबल टिप प्रवाळांच्या उबदार, लख्ख उजेडाच्या पाण्यातला आहे. त्याच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवालं राहतात, ती उजेडावर अन्न तयार करतात आणि त्याचं निम्म्याहून जास्त पोट त्यावर भरतं. म्हणून त्याला साधा ट्यूबलाइट चालत नाही, प्रवाळांसाठी मिळतो तसा चांगला एलईडी लागतो. ग्रॅनीकडून आपण घ्यायचं ते एवढंच: नीट ठेवलं तर हा जीव आपल्याएवढा जगू शकतो, आणि बहुतेक घरांत तो वर्षभरही का टिकत नाही याचं उत्तर पाण्यात शोधायचं असतं.

तर पाण्याकडे येऊ. इथे मी जरा रेंगाळणार, कारण तंजावरात खरी परीक्षा इथेच आहे.

त्याला 24 ते 27 अंश तापमान मानवतं. आपल्याकडे अग्निनक्षत्राच्या कडक उन्हाळ्यात दुपारी पारा 38-39 च्या पुढे जातो आणि रात्रीसुद्धा खोलीची भिंत हाताला गरम लागते. त्यात दिवे आणि पंप पाणी आणखी तापवतात. पाणी 30-31 वर दिवसेंदिवस राहिलं की ती शैवालं त्याला सोडून जायला लागतात आणि तो पांढरा पडत जातो. हे फक्त टाकीत होतं असं नाही. 2016 च्या उन्हाळ्यात मन्नारच्या आखातात आणि पाल्कच्या उपसागरात प्रवाळंसुद्धा अशीच पांढरी पडली होती. समुद्राएवढ्या पाण्याला जे झेपलं नाही ते तुझ्या पंचेचाळीस लिटरांना कसं झेपणार? पृष्ठभागावर छोटा पंखा लावला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. पण कावेरीच्या खोऱ्यातली हवा दमट असली की तेवढंही उतरत नाही, आणि पाणी मात्र उडत राहतं.

त्या उडालेल्या पाण्याचा हिशेब कर. खाऱ्या पाण्यातलं पाणी उडतं, मीठ मागे राहतं. पंखा चालू असताना दिवसाला लिटर-दीड लिटर जातं असं धर. दर लिटरला 35 ग्रॅम मीठ या हिशेबाने तू पाणी तयार केलंस आणि तीन दिवस चेन्नईला गेलीस. परत येशील तोवर साडेचार लिटर गेलेलं असेल आणि क्षारता 39 च्या घरात पोचलेली असेल. दोनशे लिटरच्या टाकीतून तेवढंच पाणी गेलं तर ती 36 पर्यंतही जात नाही. लहान टाकी कमी कामाची असं सगळ्यांना वाटतं. तिला उलट रोज दोनदा बघावं लागतं. भर घालायची ती गोड्या आरओ पाण्याची, खाऱ्याची नाही. बोअरचं किंवा नळाचं पाणी सरळ ओतू नकोस, आणि मीठ स्वयंपाकघरातलं नाही, ॲक्वेरियमसाठी मिळतं तेच.

मल्लिपट्टिणमहून कॅनमध्ये समुद्राचं पाणी आणायचा विचार मनात आला असेल तर तोही काढून टाक. तिथला किनारा उथळ आणि गढूळ आहे, बंदरातल्या बोटींचं तेल असतं, आणि उन्हात गाडीत हिंदकळत आलेलं पाणी घरी पोचेपर्यंत बिघडलेलं असतं.

मग वीज. महिन्यातून एकदा दुरुस्तीसाठी सकाळपासून दुपारपर्यंत वीज बंद असते, ते तुला ठाऊक आहेच. त्या चार-पाच तासांसाठी बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असलाच पाहिजे, कारण कोमट आणि स्थिर पाण्यात प्राणवायू भराभर संपतो. घरचा इन्व्हर्टर पंप ओढेल, पाणी थंड करणारा चिलर बहुतेक ओढणार नाही. आणि 16 नोव्हेंबर 2018 ला गजा चक्रीवादळ आलं तेव्हा पट्टुक्कोट्टै, पेरावूरणीकडे कित्येक दिवस वीज नव्हती. अशा वेळी काय करशील, हे एकदा वहीत लिहून ठेव. बर्फाच्या बाटल्या, बॅटरीचे पंप, आणि चेन्नईत किंवा त्रिचीत जनरेटर असलेलं एखादं ओळखीचं घर. भीती घालायला सांगत नाहीये. साठ वर्षांच्या पाहुण्याला घरात घ्यायचं तर वादळाचा विचार करावाच लागतो.

टाकी सुरू होऊन तुला किती महिने झाले ते तूच मोज. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू दगडांत मुरायला वेळ लागतो, आणि टेस्ट किटवर अमोनिया शून्य आला म्हणजे टाकी पिकली असं नाही. निदान सहा महिने, जमलं तर वर्ष थांब.

आणायच्या दिवशी नीट बघ. दुकानदाराला टाकीत एक काडी हळूच फिरवायला सांग. निरोगी ॲनिमोनची बोटं काडीला चिकटतात, ओढली तर मागे लागतात. तोंड मधोमध घट्ट मिटलेलं हवं. ते आ वासून आतला पांढरट भाग बाहेर आला असेल तर तो आजारी आहे. पायाची चकती काचेला किंवा दगडाला धरून बसलेली हवी आणि ती कुठेही फाटलेली नको. तुझ्या फोटोतला पांढराशुभ्र आहे ना? तो रंग नाही, शैवालं निघून गेल्याची खूण आहे. भडक पिवळे असतात ते बहुतेक वेळा रंगवलेले असतात. तपकिरी, मळकट हिरवट, फिकट गुलाबी तपकिरी असा घे. तो कमी दिसणारा असतो आणि जास्त जगणारा. त्याहून चांगलं म्हणजे आधीच कोणाच्या टाकीत फाटून झालेला दुसरा घे. काचेतल्या आयुष्याची त्याला सवय असते, आणि समुद्रातून एक कमी उचलला जातो.

घरी आणल्यावर पहिले काही दिवस तो चालतो. हो, पायाने सरकत सगळी टाकी फिरतो, जागा पसंत पडेपर्यंत. वेव्हमेकरच्या, म्हणजे पाणी ढवळणाऱ्या पंपाच्या, जाळीवर स्पंज बांधल्याशिवाय त्याला पाण्यात सोडूच नकोस. पात्यांत ओढला गेला की त्याच्या चिंध्या होतात, त्यातून सुटलेल्या विषाने आणि सडणाऱ्या मांसाने एका रात्रीत मासेही जातात. मध्येच तो पिशवीसारखा लोळागोळा होऊन पडेल. ते पोटातलं जुनं पाणी आणि घाण टाकणं असतं, काही तासांत परत फुलतो. घाबरून हलवू नकोस. दुसऱ्या दिवशीही तसाच असेल आणि पाण्याला कुजका वास मारत असेल तर मात्र हातमोजे घालून लगेच काढ. दगडाला धरलेला असताना कधी सोडवायची वेळ आली तर ओरबाडू नको. पायाच्या मागच्या बाजूने बर्फाचा खडा धर, तो आपणहून सोडतो. आणि हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नको.

दगडांबद्दल एक. प्रवाळाचा तुकडा टाकीत ठेवू नकोस, किनाऱ्यावर पडलेला मेलेलासुद्धा. दगडी प्रवाळांच्या सगळ्या जाती 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, वाघाच्या रांगेत. मन्नारच्या आखातातली 21 बेटं 1986 पासून राष्ट्रीय उद्यान आहेत. तिथून काहीच उचलायचं नसतं. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर घरोघरी ॲक्वेरियमचं वेड शिरलं, आणि निसर्गलेखक फिलिप गॉस यांच्या पुस्तकांनी ते वाढवलं. किनाऱ्यावरचे खडकातले डोह लोकांनी अक्षरशः रिकामे केले. गॉस यांच्या मुलानेच पुढे त्याची हळहळ लिहून ठेवली आहे. आपल्या किनाऱ्याचं तसं व्हायला नको. तंजावर आणि पुदुक्कोट्टै जिल्ह्यांसमोरचा समुद्र 2022 मध्ये डुगाँगसाठी, म्हणजे समुद्री गाईसाठी, राखीव झाला, सुमारे 448 चौरस किलोमीटर. सरफोजी महाराजांचा मनोरा आहे ना, त्याच्याच समोर डुगाँग चरतो ते समुद्री गवत पसरलं आहे.

क्लाउनफिशसाठी जीव तुटत असेल तर त्यांना ॲनिमोन लागतोच असं नाही. समुद्रात लागतो, कारण तिथे त्यांना खाणारे असतात. टाकीत जन्मलेली जोडी एखाद्या दगडाच्या कोपऱ्यात, कधी फिल्टरच्या नळीपाशीही संसार थाटते. मंडपमच्या सागरी मत्स्य संस्थेने आणि परंगिपेट्टैला अण्णामलै विद्यापीठाच्या केंद्राने त्यांची पैदास करून दाखवली आहे. तेव्हा पैदाशीचीच जोडी माग. तुझ्या आजच्या टाकीत ती दोघं सुखाने राहतील, आणि खरं सांगायचं तर या टाकीसाठी माझं मत तेच आहे.

तरीही ॲनिमोन हवाच असेल तर तीन फुटी टाकी, पंखा नव्हे तर चिलर, आणि तू नोकरीला किंवा सासरी दुसऱ्या गावी गेलीस तर त्याला कोण घेणार याचं एक नाव. नाव आधी. आईचं सांगू नकोस, तिला विचारलंय मी. पश्चिमेच्या खिडकीखाली टाकी ठेवायची नाही, दुपारचं ऊन तिथेच येतं. जिन्यालगतच्या आतल्या भिंतीपाशी जागा होते का बघ. रविवारी टेप घेऊन येते, दोघी मिळून मोजू.