बनावट माशी आणि पहिला मासा

मासा व माशी हे शब्द आपल्या भाषेंत शेजारी बसतात. पण माशीनें मासा धरितां येतो, हें आमच्या कित्येक विद्यार्थ्यांस ठाऊक नसेल. इ. स. २०० च्या सुमारास रोम येथें राहून ग्रीक भाषेंत लिहिणाऱ्या ईलियननें ही युक्ति वर्णिली आहे. मॅसिडोनियांत बिरुया व थेस्सलनीका (पौलाच्या प्रवासांतील हीं नगरें आपणांस परिचित आहेतच) यांच्या दरम्यान वाहणाऱ्या अस्त्रैयस नदींतील ठिपकेदार मासे पाण्यावर घोंघावणाऱ्या माश्या खात. खरी माशी गळास लावावी, तर मनुष्याचा हात लागतांच तिचा रंग जाई व पंख कोमेजत. म्हणून तेथील कोळी गळाभोंवतीं तांबडी लोकर गुंडाळीत व तीवर कोंबड्याच्या गळ्याखालचीं मेणाच्या रंगाचीं दोन पिसें बांधीत. काठी सहा फूट, दोरीहि तितकीच.

वर्गांत ही कृति सांगावयास दोन मिनिटें पुरतात. आम्हीं स्वतः करूं गेलों तेव्हां पहिल्या तीन माश्या भिजतांच सुटल्या. दोरा सैल पडला होता. चवथीस तास लागला. सायंकाळीं ती प्रवाहावर सोडली, आणि बोटभर लांबीचा एक रुपेरी मासा लागला. त्यास आम्हीं ओल्या हातानें सोडवून पाण्यांत जाऊं दिलें. माशी मात्र पार विसकटली होती.