बंद पडणारा लॅपटॉप : आधी माहिती, मग यंत्र

दुकानातील महिनाअखेरीच्या नोंदी सुरू असाव्यात, विवरणपत्र भरण्याची मुदत दोन दिवसांवर यावी आणि नेमका त्याच वेळी लॅपटॉपचा पडदा निळा होऊन तो बंद पडावा, हा अनुभव आज दुर्मीळ राहिलेला नाही. पुन्हा सुरू केल्यास काही मिनिटांत तो पुन्हा बंद पडतो आणि दुसऱ्या दिवशी तर सुरूच होत नाही. मग कोणीतरी ‘फॉरमॅट करून टाका’ असा सल्ला देतो. लॅपटॉप सुरू होतो. वर्षभराचे हिशेब मात्र पुसले गेलेले असतात. यंत्र नवे घेता येते, हिशेब विकत मिळत नाहीत. म्हणून दुरुस्तीचा पहिला नियम असा, की आधी माहिती वाचवावी, मग यंत्र.

साखळी कोठे तुटते?

लॅपटॉप सुरू होणे ही एक साखळी आहे. प्रथम वीज येते, नंतर यंत्र स्वतःची व मेमरीची तपासणी करते, मग डिस्क शोधते आणि शेवटी डिस्कवरील विंडोज कामाला लागते. साखळी कोणत्या कडीवर तुटते हे नीट पाहिले, की निम्मे निदान झाले.

१. दिवाच लागत नाही : चार्जर, पेन ड्राइव्ह, प्रिंटर असे सर्व काढून ठेवावे. सुरू करण्याचे बटण सुमारे ३० सेकंद दाबून धरावे व नंतर केवळ चार्जर जोडून प्रयत्न करावा. शक्य झाल्यास त्याच क्षमतेचा दुसरा चार्जर लावून पाहावा. बॅटरी फुगून टचपॅड वर उचलला गेला असल्यास वापर तत्काळ थांबवावा.

२. दिवा लागतो, पडदा काळा राहतो : लॅपटॉप टीव्हीला किंवा दुसऱ्या मॉनिटरला जोडावा. तेथे चित्र दिसल्यास दोष पडद्याचा किंवा त्याच्या जोडणीचा असण्याची शक्यता अधिक. बीप ऐकू येत असल्यास किंवा दिवा ठरावीक वेळा लुकलुकत असल्यास ती संख्या टिपून ठेवावी. त्या खुणांचा अर्थ उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेला असतो.

३. बोधचिन्ह दिसते, पण डिस्क सापडत नाही : प्रथम जोडलेला पेन ड्राइव्ह काढावा. त्यानंतरही तोच संदेश येत असेल किंवा हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर पुढचे प्रयोग थांबवावेत. निकामी होत चाललेली डिस्क प्रत्येक प्रयत्नात अधिक बिघडू शकते.

४. विंडोज सुरू होताना अडते : निळ्या पडद्यावरील संकेतशब्दाचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. लागोपाठ काही वेळा सुरुवात फसल्यास विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा उघडते. तेथून सेफ मोडमध्ये जाता आले, तर सर्वप्रथम महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्याव्यात. नवे अपडेट काढण्याचा किंवा जुन्या स्थितीत परतण्याचा पर्याय त्यानंतर निवडावा.

५. चालता चालता बंद पडतो : हात लावताच चटका बसत असेल, तर पंख्यात साचलेली धूळ किंवा गादीवर ठेवून वापरण्याची सवय कारण असू शकते. लॅपटॉप थंड असतानाही बंद पडत असेल, तर मेमरी तपासून घ्यावी.

किल्ली कोठे आहे?

दोष नेहमी यंत्रातच असतो असे नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक ठप्प झाले. यंत्रे धडधाकट होती. सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढली, की ती सुरू होत. तथापि अनेक ठिकाणी डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद होती आणि ४८ अंकी किल्लीवाचून आत जाता येत नव्हते.

आजच्या अनेक लॅपटॉपमध्ये हे कुलूप आपोआप लागते. मदरबोर्ड बदलल्यासही ही किल्ली मागितली जाते. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन झालेली असते. लॅपटॉप सुरू आहे तोवरच ती शोधून कागदावर लिहून ठेवावी.

दुरुस्तीला देताना

डिजिटल स्वाक्षरीचे टोकन स्वतःजवळ ठेवावे. नेट बँकिंगचा पासवर्ड दुसऱ्या विश्वासू उपकरणावरून बदलावा. पावतीवर यंत्राचा अनुक्रमांक आणि ‘परवानगीशिवाय फॉरमॅट करू नये’ ही सूचना लिहून घ्यावी. मदतीसाठी इंटरनेटवर सापडलेल्या अनोळखी क्रमांकावर फोन करू नये. दूरस्थ नियंत्रणाचे ॲप उतरवायला सांगून खाते रिकामे करणारे भामटे अशाच क्रमांकांआड दबा धरून असतात. फसवणूक झालीच, तर बँकेला आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

मूळ फाइल धरून एकूण तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर आणि त्यांपैकी एक दुसऱ्या जागी, ही शिस्त पाळणाऱ्यालाही लॅपटॉप बिघडल्याचा त्रास होतोच. परंतु तो त्रास दुरुस्तीच्या बिलापुरताच राहतो. रोजची रोकड जुळवल्याशिवाय कुलूप न लावणाऱ्या व्यापाऱ्याला ही शिस्त जड जाण्याचे कारण नाही.