जाळीतली रोपं आडवी पडतात तेव्हा

मैत्रिणींनो, रबाळ्यात पाऊस लागला की गच्चीवरच्या हिरव्या जाळीखाली हमखास हेच होतं. मिरची-टोमॅटोची रोपं छान उगवतात आणि आठवड्याभरात बुंध्याशी काळपट, बारीक होऊन आडवी पडतात. याला रोप कोलमडणे म्हणतात. बियाणं गटाच्या पैशाचं असेल, तर ट्रेबरोबर विक्रीही गेली.

बुरशी मातीतच असते, तिला जोर येतो साचलेल्या पाण्याने. म्हणून औषधाआधी पाणी बघा. वरची माती सुकल्यावरच, तेही सकाळी, झारीने द्या. बी विरळ टाका. पावसाला वर प्लास्टिक घातलंत तरी बाजू उघड्या ठेवा, वारा खेळू द्या. पेरताना १०० ग्रॅम बियाण्याला अर्धा ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळा.

तरीही मर दिसली, तर पडलेली रोपं भोवतालच्या मातीसकट काढा आणि उरलेल्यांच्या मुळाशी बोर्डो मिश्रण ओता. द्राक्षवाले वापरतात तेच हे! १० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, १० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये. भांडी प्लास्टिकचीच. चुना निवल्यावर गाळून दोन्ही एकत्र करा. त्यात लोखंडी खिळा बुडवून बघा. तांबूस थर चढला तर अजून चुन्याची निवळी घाला. त्याच दिवशी संपवा. हातमोजे घाला, पोरांना लांब ठेवा. आणि बाई, ट्रायकोडर्मा व बोर्डो एकाच वेळी नको, मोरचुदाने ट्रायकोडर्माही मरतो.