संथ पाण्याची पारख
उभ्याने वल्हवण्याच्या खेळाचा परिचय आणि त्यातून मिळणारा धडा

खाडीच्या किंवा तलावाच्या काठावर उभे राहिले असता अलीकडे एक नवे दृश्य पाहावयास मिळते. एक लांबट, रुंद फळी पाण्यावर तरंगत असते. तिच्यावर एखादी व्यक्ती उभी असते आणि लांब दांड्याच्या एकाच वल्ह्याने ती फळी सावकाश पुढे नेत असते. इंजिनाचा आवाज नाही, शीड नाही, की धूर नाही. 'स्टँड-अप पॅडलबोर्डिंग' या नावाने हा खेळ जगभर ओळखला जातो. गोव्यातील खाड्यांत आणि कर्नाटकातील मुळकी येथे तो रुजला आहे. कोकणातील खाड्या आणि घाटमाथ्यावरील जलाशय पाहता तो आपल्याकडेही वाढेल, यात शंका नाही. म्हणूनच या खेळाचे स्वरूप आणि त्यासोबत येणारी जबाबदारी यांचा परिचय करून घेणे उचित ठरेल.

या खेळाचे मूळ प्रशांत महासागरातील हवाई बेटांवर सापडते. विसाव्या शतकाच्या मध्यास तेथील वाइकिकी किनाऱ्यावर लाटांवरील खेळ शिकविणारे काही जण फळीवर उभे राहून होडीचे वल्हे मारीत असत. त्यामुळे दूरवरच्या शिकाऊंवर नजर ठेवणे त्यांना सोपे जाई. पुढे सन २००० नंतर लेर्ड हॅमिल्टन व डेव्ह कलामा या हवाईच्या लाटा-खेळाडूंनी ही रीत पुन्हा प्रचारात आणली. लाटांची आवश्यकता नसल्यामुळे ती नदी-तलावांवर झपाट्याने पसरली. २०१२ मध्ये पेरू देशात या खेळाची पहिली आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा भरली.

तरंगण्याचे गणित

या फळीमागील शास्त्र शाळेत शिकविल्या जाणाऱ्या आर्किमिडीजच्या तत्त्वाचेच आहे. हवा भरून वापरण्याची सर्वसाधारण फळी सुमारे साडेदहा फूट लांब, ३२ इंच रुंद व ६ इंच जाड असते. तिचे आकारमान सुमारे ३०० लिटर भरते. ६० किलो वजनाची व्यक्ती आणि १० किलोची फळी मिळून ७० किलो भार झाला, तर केवळ ७० लिटर पाणी बाजूस सरते व फळीचा बहुतांश भाग पाण्यावर राहतो. पूर्वी पोहणे शिकताना पाठीस वाळका भोपळा किंवा पांगाऱ्याचे बिंडे बांधीत, त्यामागील तत्त्व हेच होते.

शिकण्याची रीत सोपी आहे. गुडघाभर पाण्यात फळीच्या मध्यभागी प्रथम गुडघे टेकून बसावे व काही वेळ तसेच वल्हवावे. शरीराचा गुरुत्वमध्य खाली असल्याने या स्थितीत तोल सहज सांभाळता येतो. त्यानंतर एकेक पाऊल ठेवून उभे राहावे. पावलांत कमरेइतके अंतर असावे, गुडघे किंचित वाकलेले असावेत आणि दृष्टी पायांकडे नव्हे, तर समोर दूरवर असावी. वल्हे आपल्या उंचीपेक्षा सुमारे वीतभर लांब असावे व त्याच्या पात्याचा कल पुढच्या बाजूस असावा. नवशिके ते हमखास उलटे धरतात. पाते पूर्ण बुडवून पुढून घोट्यापर्यंत ओढावे आणि दोन्ही बाजूंनी आळीपाळीने वल्हवावे. तोल गेलाच, तर फळीपासून दूर, पाण्यात पडावे. पडल्यावर फळी मात्र कदापि सोडू नये, कारण त्या क्षणी तीच सर्वांत मोठा आधार असते. अंगात जीवरक्षक जाकीट असणे पट्टीच्या पोहणाऱ्यासही आवश्यक आहे.

इतके कौशल्य एका सकाळी आत्मसात होते. खरा अभ्यास यापुढे सुरू होतो आणि तो फळीचा नसून पाण्याचा आहे. संथ दिसणारे पाणी संथ असतेच असे नाही. वारा, भरती-ओहोटी आणि बंधारा या तीन गोष्टींनी त्याची पारख करावी लागते.

वारा

उभी व्यक्ती ही वाऱ्याच्या दृष्टीने एक शीडच असते. जमिनीवरून पाण्याकडे वारा वाहत असेल, तर काठाच्या आडोशामुळे जवळचे पाणी आरशासारखे दिसते, परंतु काही अंतर आत गेल्यावर वाऱ्याचा जोर जाणवू लागतो आणि परतणे कठीण होते. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येणारे खारे वारे व रात्री जमिनीकडून समुद्राकडे जाणारे मतलई वारे भूगोलाच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असतात. पहाटेचे शांत पाणी मोहक वाटते, तेव्हा मतलई वारे अनेकदा वाहतच असतात, हे मात्र तो विसरतो. म्हणून जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जावे आणि थकल्यावर वाऱ्याबरोबर परतावे, हा नियम पाळावा. वारा वाढल्यास गुडघ्यांवर बसावे किंवा फळीवर पालथे पडून हातांनी वल्हवावे.

भरती-ओहोटी

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवबाग ही कर्ली नदी आणि अरबी समुद्र यांच्यामधील चिंचोळी भूपट्टी आहे. तिच्या टोकाशी नदी समुद्रास मिळते. अशा ठिकाणी पूर्ण भरतीस स्थिर भासणारे पाणी ओहोटी लागताच समुद्राच्या दिशेने ओढू लागते. सर्वसाधारणपणे सहा तासांच्या ओहोटीत मधल्या दोन तासांत निम्मे पाणी उतरते. प्रवाह तेव्हा सर्वांत जोराचा असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तो आणखी वाढतो. भरतीची वेळ काढण्याचा कोकणातील जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थीस तीनच्या व अष्टमीस सहाच्या सुमारास पूर्ण भरती येते. हा हिशेब ढोबळ आहे. पाण्यात उतरण्यापूर्वी छापील भरती-कोष्टक पाहावे आणि स्थानिक मच्छीमारास विचारावे.

बंधारा

तिसरी गोष्ट सर्वांत घातक आहे. ३० ऑक्टोबर २०२१ रोजी वेल्समधील हॅवरफर्डवेस्ट या गावी नऊ जणांचा एक गट फळ्या घेऊन क्लेडाउ नदीत उतरला. पावसाने नदी फुगली होती. वाटेत कमी उंचीचा एक बंधारा होता. त्या ठिकाणी झालेल्या दुर्घटनेत चार जण मृत्युमुखी पडले. त्यांत गटाच्या दोन मार्गदर्शकांपैकी एक होता. ब्रिटिश शासनाच्या सागरी अपघात अन्वेषण शाखेने डिसेंबर २०२२ मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला. मार्गदर्शकांजवळ अशा सफरीसाठी आवश्यक प्रशिक्षण नव्हते आणि बंधाऱ्याच्या धोक्याची पुरेशी कल्पना सहभागी व्यक्तींना दिली गेली नव्हती, असे चौकशीत आढळले. सफर आयोजित करणाऱ्या व्यक्तीस २०२५ मध्ये न्यायालयाने साडेदहा वर्षांच्या कारावासाची शिक्षा ठोठावली.

या घटनेचा आपल्याशी संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारील. आपल्या नद्यांवर जागोजागी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा संपला की त्यांत बर्गे घालून पाणी अडविले जाते आणि वरच्या बाजूस कित्येक महिने विस्तीर्ण, संथ डोह तयार होतो. खेळास सोयीचे वाटणारे पाणी नेमके हेच. बंधाऱ्यावरून पाणी वाहत असताना वरच्या बाजूने पाहणाऱ्यास केवळ एक सरळ रेषा दिसते, पलीकडील उडी दिसत नाही. पायथ्याशी कोसळणारे पाणी भोवऱ्यासारखे उलटे फिरते आणि तरंगणारी वस्तू पुन्हा भिंतीकडे खेचून घेते. पोहण्याचे कौशल्य तेथे निरुपयोगी ठरते. फळीस बांधलेली घोट्याची दोरी शांत तलावात उपकारक असते. वाहत्या पाण्यात मात्र ती फांदीत किंवा खांबात अडकली, तर प्रवाहाच्या रेट्यात वाकून सोडविता येत नाही. म्हणून प्रवाहात कमरपट्ट्यास जोडलेली, एका ओढीत सुटणारी दोरीच वापरावी. बंधाऱ्याजवळ तर फळी नेऊच नये.

गावाचे कर्तव्य

जलाशयाचा उपयोग खेळासाठी करावयाचा झाल्यास ग्रामपंचायतीने प्रथम संबंधित विभागाची परवानगी घ्यावी आणि पाणी केव्हा सोडले जाते याची माहिती मिळवावी. बंधाऱ्याच्या वरच्या बाजूस, दुरून वाचता येईल असा मराठी फलक लावावा. कोण किती वाजता पाण्यात उतरले आणि कोण परतले, याची नोंदवही काठावर ठेवावी. मार्गदर्शक म्हणून प्रशिक्षित स्थानिक तरुणांची, विशेषतः मच्छीमार कुटुंबांतील मुला-मुलींची निवड केल्यास पाण्याचे पिढीजात ज्ञान उपयोगी पडेल आणि रोजगारही गावातच राहील. पावसाळ्यात, पूर ओसरेपर्यंत व विजा चमकत असताना खेळ पूर्ण बंद असावा.

शिक्षकांनी हा विषय वर्गात आणावा. घागरीत चेंडू दाबून सरलेले पाणी मोजणे, ध्वजावरून वाऱ्याची दिशा नोंदविणे, तिथीवरून भरतीची वेळ काढून ती कोष्टकाशी ताडून पाहणे, हे प्रयोग खर्चाविना होतात. त्याचबरोबर बुडणाऱ्यास वाचविण्यासाठी स्वतः उडी न घेता दोरी, बांबू किंवा बूच लावलेला रिकामा डबा फेकावा, हे प्रत्येक मुलास शिकविले पाहिजे. फळी ज्याने कधी पाहिलीही नाही, अशा मुलाच्याही ते उपयोगी पडेल.

पाण्यावर शांतपणे उभे राहण्याचा आनंद मोठा आहे आणि तो शेतकऱ्याच्या मुलासही लाभावा. मात्र काठावरून पाणी संथ दिसते म्हणून कोणासही त्यात जाऊ देणे म्हणजे जीव दैवावर सोपविणे होय. वारा कोठून वाहतो, पाणी कोठे जाते आणि पुढे काय आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या गावात आधी शोधली जातील, त्या गावातील मुलांनी निःशंक मनाने वल्हे हाती घ्यावे.